इंजिनचं काम केलं तरी धूर थांबेना, ऑइल खाणं थांबेना: पुन्हा खोलण्याआधी काय काय तपासायचं

इंजिनचं काम (बोअर, नवे पिस्टन, नव्या रिंगा) करून गाडी घरी आणली आणि महिन्याच्या आत यातलं काही दिसू लागलं, तर पुढचं शेवटपर्यंत वाचा. वाचून होईपर्यंत इंजिन पुन्हा खोलायला कुणालाही हो म्हणू नका.

- सायलेन्सरमधून निळसर धूर, सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा ॲक्सिलरेटर दाबल्यावर.
- चार-पाचशे किलोमीटरमध्ये पट्टीवरचं ऑइल वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर.
- ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या, पाइपातून भकाभका वाफ; कधी ऑइलची पट्टीच जागेवरून वर उचललेली.
- टेंपरेचरचा काटा पूर्वी अर्ध्यावर थांबायचा, आता वर सरकतो.
- इंजिन तापल्यावर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन नुसतं चालू) ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो.
- पिकअप नाही आणि ॲव्हरेज कामाच्या आधीपेक्षाही कमी.

यातले पहिले दोन त्रास सगळ्यांत जास्त येतात. बीडला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. दरवर्षी पोळा झाला की इंजिनच्या कामांची रांग लागते, कारण ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या जीपा आणि पिकअप दसऱ्याच्या आत तयार हव्या असतात. इंजिन रात्री बसतं, सकाळी गाडी चालू होते आणि दुपारी माणसं अन् संसार भरून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागते. ज्याच्या मागे हंगाम नाही तो दुसऱ्याच दिवशी घरच्यांना घेऊन तुळजापूरला जातो. वाट तीच, घाट तोच. मग दिवाळीच्या आत फोन येतो: "मिस्त्री, काम करूनबी गाडी धूर मारायलीय, ऑइल खायलीय. परत खोलावं लागतंय का?"

बहुतेक वेळा खोलावं लागत नाही.

आत काय चाललेलं असतं

ब्लॉक म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, आणि बोअर म्हणजे त्यातली पिस्टन वरखाली होतो ती गोल पोकळी. बोअर करून आलेला ब्लॉक हाताला गुळगुळीत लागतो, पण तो तसा नसतो. होनिंगच्या, म्हणजे घासायच्या, दगडाने भिंतींवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम ओढलेल्या असतात. जात्याला टाकी लावतात ना, तसंच हे काम. रेघांच्या खोलात ऑइल धरून राहतं आणि रेघांच्या टोकांवर घासून घासून पिस्टनभोवतीची नवी रिंग त्या बोअरशी जुळते. जुळली की वरचा गॅस खाली येत नाही आणि खालचं ऑइल वर जात नाही.

आता खरी गोष्ट. रिंगच्या स्वतःच्या ताणात फार जोर नसतो. तिला भिंतीवर दाबतो तो वर पेटलेला गॅस. तो पिस्टनच्या खाचेतून रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर भार असला, म्हणजे चढ असला किंवा ॲक्सिलरेटर दाबला, की गॅसचा दाब वाढतो आणि रिंग भिंतीला घट्ट बसते. गाडी नुसती आयडलवर उभी राहिली तर दाब मिळत नाही. रिंग वरच्यावर सरकत राहते, टोकं झिजत नाहीत आणि रेघांमधलं ऑइल जळून काचेसारखा चकचकीत लेप तयार होतो. याला आम्ही बोअर ग्लेझ झाला म्हणतो.

म्हणून नवं इंजिन दिवसभर आयडलवर ठेवून रुळवायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच करत होतो, कारण शिकलो तसंच. गिऱ्हाइकालाही बरं वाटतं, मिस्त्री गाडीची काळजी घेतोय असं दिसतं. पण त्या एका दिवसात आपण रिंगांची चांगली संधी घालवतो.

दुसरं टोक तितकंच वाईट. नव्या पिस्टनचं माप घट्ट असतं, घर्षण जास्त असतं, उष्णता जास्त असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर असताना, गच्च भरलेली गाडी, एसी चालू, चौथ्या गिअरमध्ये घाट. अशात पिस्टन बोअरला पकडतो. भार हवा, पण थोडा वेळ आणि सोडून सोडून.

आणि वेळ द्या. पेट्रोल गाडीला पहिले १,००० ते १,५०० किलोमीटर थोडं ऑइल लागणं ठीक आहे. डिझेलला याहून जास्त, कधी ३,००० पर्यंत. बघायचं ते एवढंच, की लागणारं ऑइल दर पाचशे किलोमीटरला कमी होत चाललंय का. त्यासाठी गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, किती ऑइल वाढवलं. "बरंच खातं" या शब्दांवरून मला काहीच ठरवता येत नाही.

फुकट आणि घरच्या घरी

सुरुवात ऑइलच्या पट्टीपासून. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, पट्टी पुसून पुन्हा घालून बघा. कमी आहे का हे सगळेच बघतात, जास्त आहे का हे कुणी बघत नाही. डबा चार लिटरचा असतो म्हणून पूर्ण ओतला जातो, आणि लहान गाडीला तीन लिटरही पुष्कळ होतात. जादा ऑइलमध्ये क्रँक (खालचा फिरणारा दांडा) घुसळतो, फेस होतो, तो ब्रीदरमधून हवेच्या पाइपात जातो आणि जळतो. धूर निळाच दिसतो आणि दोष रिंगांवर जातो. जादा ऑइल काढून टाका आणि दोनशे किलोमीटर चालवून बघा.

ऑइल कोणतं घातलंय तेही विचारा. प्रेमापोटी लोक नव्या इंजिनात महागडं पूर्ण सिंथेटिक घालतात. रिंगा बसेपर्यंत मला साधं मिनरल ऑइलच हवं असतं, ग्रेड कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे; जुन्या डिझेलला बहुधा १५डब्ल्यू-४०. फार निसरडं ऑइल ती टोकं झिजूच देत नाही. सिंथेटिकवर जायचं असेल तर दोन-तीन हजार किलोमीटरनंतर जा.

मग पाणी. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी, रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना कधीही नाही. चेहरा भाजलेली माणसं मी पाहिलीत. पाणी गळ्यापर्यंत हवं. काम करताना सगळं पाणी काढलेलं असतं आणि भरताना आत हवा अडकते. ती अडकली की काटा एकदम वर जातो, एकदम खाली येतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. तापून पाणी वर यायला लागलं की झाकण लावा.

बोअरवेलचं पाणी मात्र घालू नका, हात जोडून सांगतो. चुलीवरच्या हंड्याला आतून जो पांढरा थर बसतो तोच थर तुमच्या नव्या इंजिनाच्या पाणमार्गात बसतो. टँकरचं पाणीही बहुधा बोअरवेलचंच असतं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घाला. इंजिनच्या कामाच्या बिलापुढे हा खर्च काहीच नाही. ताप वाढला की ऑइल पातळ होतं, पातळ ऑइल रिंगांवरून वर जातं. म्हणजे पाण्याचा दोष धुराच्या रूपात दिसू शकतो.

हवा आणि ब्रीदर

एअर फिल्टरकडे आपल्या भागात दुप्पट लक्ष हवं. उन्हाळ्यात शेतरस्त्यांवर काळ्या मातीची पिठासारखी धूळ असते. फिल्टरच्या पुढची, म्हणजे इंजिनच्या बाजूची नळी काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती दिसली तर गाडी तिथेच थांबवा. फिल्टर फाटलाय, नीट बसलेला नाही, किंवा काम करताना एखादा क्लिप सैल राहिलाय. धूळ आणि ऑइल मिळून पॉलिशपेपर तयार होतो, आणि डस्ट झालेलं इंजिन महिन्यातसुद्धा संपतं. कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने वारंवार झाडू नका, कागदाला न दिसणारी भोकं पडतात. नवा घाला.

ब्रीदरची गोष्ट मला सविस्तर सांगायचीय. गेवराईकडची एक काळी-पिवळी जीप आली होती. काम दुसरीकडे झालेलं, ८०० किलोमीटर चाललेली. ऑइल लिटरने खायची आणि मागच्या सीलमधूनही गळायची. तिथल्या मिस्त्रीने रिंगा बदलाव्या लागतील म्हणून सांगितलेलं, आणि मालकाने त्यासाठी उसने पैसे काढलेले. मी ब्रीदरची नळी हाताने चाचपत गेलो. ब्रॅकेट बसवताना ती त्याच्याखाली चेंगरली होती. पिस्टनखाली थोडा गॅस प्रत्येक इंजिनात उतरतोच, नव्यात जरा जास्तच. त्याला बाहेर जायला वाट नसेल तर तो ऑइल सगळीकडून ढकलतो: सीलमधून, व्हॉल्व्हच्या बाजूने, पट्टीच्या नळीतून. नळी बदलली, दीड हजार किलोमीटरनंतर जीप व्यवस्थित. तेव्हापासून ऑइल खाणाऱ्या कोणत्याही नव्या इंजिनाची ब्रीदरची नळी मी काढून, फुंकून बघतो.

नळी मोकळी असेल तर इंजिन गरम करा, आयडलवर ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर हात धरा. हलकी फुंकर लागली तर ठीक. रेल्वेच्या इंजिनासारखे ठोके बसत असतील तर गॅस खाली येतोय. ते लिहून ठेवा, पण अजून खोलू नका.

धूर बघायचा कसा

एकाला गाडी चालवायला सांगा आणि तुम्ही दुसऱ्या गाडीतून मागे जा. चालवणाऱ्याला स्वतःचा धूर नीट दिसत नाही.

रात्रभर उभी राहिल्यावर फक्त पहिल्या स्टार्टला निळा धूर आणि मग साफ, असं असेल तर व्हॉल्व्हचे सील (दांड्यावरून ऑइल आत जाऊ न देणारे). घाट उतरून आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच एक भपका, तर सील किंवा गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी). अशा वेळी फक्त हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, काम लागतं, खालचं इंजिन उघडायची गरज नाही. चढावर, भारावर सतत निळा, तर रिंगा बसलेल्या नाहीत. टर्बोच्या गाडीत इंटरकूलरची, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीची, नळी काढून बघा. आत ऑइलचं तळं असेल तर टर्बो तपासून घ्या. टर्बोचा दोष रिंगांवर ढकलून इंजिन खोललेलं मी पाहिलंय. काळा धूर डिझेलच्या पंपाचा, इंजेक्टरचा किंवा चोंदलेल्या हवेचा. पांढरा, गोडसर वासाचा, आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर खाली 'कुठे थांबायचं' इथे जा.

रस्त्यावरचा उपाय

आतापर्यंतचं सगळं ठीक निघालं आणि गाडी दीड-दोन हजार किलोमीटरच्या आत असेल, तर मी रिंगा रस्त्यावर बसवतो. आयडलवर ठेवलेल्या किंवा फार जपून चालवलेल्या गाड्यांना याचा चांगला गुण येतो.

सकाळी साडेपाचला, ऊन आणि गर्दी दोन्ही नसताना, गेवराईच्या बाजूच्या सपाट रस्त्याला लागा. गाडीत दोनच माणसं. पंधरा-वीस मिनिटं साधी चालवून इंजिन पूर्ण तापू द्या. मग तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ४० वरून ७० पर्यंत न्या, ॲक्सिलरेटर साधारण दोन तृतीयांश दाबून, झटका न देता. ७० ला पाय पूर्ण काढा, गिअर तसाच ठेवा, गाडी स्वतःहून ४० वर येऊ द्या. मागे कुणी नाही हे आरशात बघूनच. असं दहा वेळा. मध्ये टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा.

वेग वाढताना गॅस रिंगांना भिंतीवर दाबतो. पाय काढल्यावर पेट्रोल इंजिनात वर ओढ तयार होते, ती थोडं ऑइल वर खेचते आणि घासून निघालेली पूड धुऊन नेते. डिझेलमध्ये ही ओढ नसते, पण सोडून दिल्याने उष्णता उतरते, तेही हवंच. दोन-तीन सकाळी एवढं करा आणि वहीतले आकडे बघा.

ऑइल काढून बघणं

जात्याला टाकी लावली की पहिलं पीठ माणसाच्या पानात जात नाही, त्यात दगडाची कच असते. पहिल्या ऑइलचंही तेच. मी ते पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत काढतो, दुसरं ५०० ला, तिसरं १,५०० ला, प्रत्येक वेळी फिल्टरसकट. तुमच्या गाडीचं पहिलं ऑइल अजून आतच असेल तर आज बदला.

काढताना ते जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यातून गाळा आणि तुकडा उन्हात धरा. पहिल्या ऑइलात चंदेरी झाक असणारच, बोटांना न जाणवणारी. तिला घाबरू नका. बोटांना टोचणारे कण, चपट्या पापड्या किंवा तांबूस चमक दिसली, तर बेअरिंग किंवा पिस्टन सोलवटतोय. किल्ली काढून ठेवा.

इथून पुढे अवजारं आणि अनुभव लागतो

कॉम्प्रेशन बघायला गेज हवा. पेट्रोलला साधारण १५० पीएसआय, डिझेलला ४०० च्या आसपास. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात. आकड्यापेक्षा मी सिलिंडरांमधला फरक बघतो. चारही थोडे कमी पण सारखे असतील तर रिंगा अजून बसतायत. एकच १५ टक्क्यांहून जास्त मागे असेल तर तिथे काहीतरी चुकलंय. पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात: आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलवर हा प्रयोग घरी करू नका.

लाल दिवा लुकलुकत असेल तर आधी साध्या गेजने प्रेशर मोजून घ्या. सेन्सर खराब असणं शक्य आहे. पण मोजेपर्यंत गाडी चालवायची नाही.

कुठे थांबायचं

पुढचं काही दिसलं तर गाडी बंद करा, टो करून न्या. चालवत नेऊ नका.

खालून जड टकटक, जी भार दिल्यावर वाढते. गेजवरही ऑइलचं प्रेशर कमी. ऑइलात पापड्या. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ फेस आणि सोबत पाणी कमी होणं; याचा अर्थ गॅस्केट गेलं, हेड वाकलं किंवा ब्लॉकला चीर. काटा लालवर गेला असेल तर थंड झाल्यावरसुद्धा पुन्हा स्टार्ट मारू नका.

आणि डिझेलवाल्यांनी हे घरातल्या ड्रायव्हरलाही सांगा. टर्बोतून किंवा ब्रीदरमधून ऑइल आत जायला लागलं की डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळू शकतं. किल्ली बंद केली तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. ब्रेक पूर्ण दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका, क्लच सोडा म्हणजे ते गुदमरून बंद पडेल. नाही पडलं तर लांब व्हा. बॉनेट उघडून हात घालू नका.

पुन्हा खोलायची वेळ आलीच तर नुसत्या रिंगा बदलून घेऊ नका. बोअर गेजने वर, मध्ये, खाली मोजायला सांगा. रिंग बोअरमध्ये घालून तिच्या तोंडाची फट फीलरने (मापाच्या पातळ पट्टीने) मोजतात, दर २५ मिलिमीटर बोअरला साधारण ०.१ मिलिमीटर, ती तुमच्यासमोर मोजू द्या. रिंगेवरची खूण वरच्या बाजूला आहे ना, तेही विचारा. आणि ब्लॉक धुतला कशाने, हे नक्की विचारा. होनिंगच्या दगडाची कच डिझेलने निघत नाही, ती रेघांत रुतून बसते. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहिलं पाहिजे, मग पुसून लगेच ऑइलचा हात. गॅरेज टाकल्यावर तिसऱ्या वर्षी मी एका गाडीचा ब्लॉक घाईत नुसता डिझेलने धुतला. १,२०० किलोमीटरमध्ये बोअर खरवडून गेला. पूर्ण काम पुन्हा माझ्या खर्चाने करून दिलं, पण त्या माणसाचा हंगाम गेला तो मला भरून देता आला नाही.

ज्यांची गाडी अजून गॅरेजात आहे

पहिल्या स्टार्टच्या आधी डिझेल किंवा पेट्रोल बंद ठेवून, स्टार्टर थांबून थांबून मारत ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवायला सांगा, म्हणजे बेअरिंगला कोरडं धावावं लागत नाही. चालू झालं की गळती आणि प्रेशर बघून पाच-दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर काढा. पुशरॉडच्या जुन्या इंजिनात नवी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकली असेल तर मात्र आधी वीसेक मिनिटं १,५०० ते २,००० आरपीएमवर धरावं लागतं, आयडलवर नाही. पहिले ५०० किलोमीटर ओझं नको, टोइंग नको, एकाच वेगाने तासभर पळवणं नको, वरच्या गिअरमध्ये रेटणं नको. हेडचे बोल्ट पुन्हा कसायचे की नाही हे पुस्तकावरून ठरतं. अंशात फिरवून कसलेल्या बोल्टला परत हात लावायचा नसतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, हजार किलोमीटरच्या आत पुन्हा बघून घ्या.

मिस्त्रीकडे तक्रार घेऊन जाल तेव्हा गाडी आदल्या रात्रीच नेऊन लावा. थंड इंजिनाचा पहिला स्टार्ट त्याला स्वतःला बघू द्या, आणि वही सोबत असू द्या.